वाडा रिकामा करताना

१९८९ सालच्या वैशाखात आमचा सदाशिव पेठेतला वाडा रिकामा करण्यास आम्हांस चार दिवस पुरले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जे घर भरत आले होते ते चार दिवसांत रिते व्हावे, याचे त्या वेळी कोणालाच आश्चर्य वाटले नाही. उलट काम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले म्हणून चौथ्या दिवशी संध्याकाळी सर्वांनी मिळून उसाचा रस घेतला. नव्या सदनिकेचे क्षेत्रफळ साडेपाचशे चौरस फूट होते. वाड्यातले माजघर आणि ओसरी एवढ्यानेच ती भरली असती. तेव्हा काय न्यायचे यापेक्षा काय न्यायचे नाही, याच प्रश्नाभोवती ते चार दिवस फिरत राहिले. आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यांत आम्हीही होतो.

हे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, जुने वाडे आणि त्यांचे लोपलेले वैभव या विषयावर आपल्याकडे जे लेखन होते त्यात लिहिणारा बहुधा साक्षीदार असतो, आरोपी कधीच नसतो. वाडा बिल्डरने पाडला, भांडी मोडवाल्याने नेली, कागद वाळवीने खाल्ले. आपण बापडे पाहत उभे होतो. आमच्या बाबतीत तरी हे खरे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या पेठांतून असंख्य कुटुंबांनी आपल्याच हातांनी आपली घरे रिकामी केली. त्या टाकण्याचा हिशेब एका कुटुंबापुरता तरी मांडावा, आणि त्यामागे जी कारणे उभी होती ती शोधावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाड्यात अडगळ नव्हती असे नाही. अडगळीला हक्काची जागा होती, हे मात्र खरे. भिंती दोन-दोन हात रुंद, त्यांत कोनाडे आणि फडताळे, भिंतींना खुंट्या, तुळयांना शिंक्यांच्या कड्या, कडीपाटाखाली माळा, जिन्याखाली अंधारी खोली, धान्याला बळद. कपाट नावाचे स्वतंत्र लाकडी सामान घरात येण्यापूर्वी घर स्वतःच एक मोठे कपाट होते. त्यामुळे वर्षातून एकदा, किंबहुना पिढीतून एकदा लागणारी वस्तूही तेथे निमूट पडून राहू शके. बाळंतिणीची बाज, मुंजीचे चौरंग, पंगतीची सतेली, श्रावणीची ताम्हने, कोणा पूर्वजाची घोड्यावरची खोगीर (घोडा कोणीही पाहिलेला नाही) या सर्वांना एकच न्याय होता. ‘लागत नाही’ याचा अर्थ त्या घरात ‘अजून लागलेले नाही’ एवढाच होत असे.

अर्थात असे माळे किती जणांच्या वाट्याला आले होते, हेही विसरून चालणार नाही. ज्या काळात आमच्या माळ्यावर तीन पिढ्यांच्या पायऱ्या रचलेल्या होत्या त्याच काळात मुंबईच्या गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत एकेक संसार, कधी दोन-दोन, नांदत होते, आणि कोकणातून वा घाटावरून तेथे येणारा गडी एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन येत होता. त्याला काही टाकावे लागले नाही. संग्रहाचा शोक हा संग्रह असणाऱ्यांचाच शोक असतो. हे एकदा नमूद करून पुढे जाऊ.

वाडे मोडले त्याचे पहिले कारण कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जी गोठली ती गोठलीच. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना संरक्षण देणे आवश्यकच होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की एका बिऱ्हाडाच्या वर्षाच्या भाड्यात मालकाला कौलेसुद्धा चाळता येईनात. मालकाला वाडा दुरुस्त करणे परवडेना, भाडेकरूला तो सोडणे परवडेना. पुढे १९६३ साली महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा झाला आणि या कोंडीला वाट मिळाली. मालक, भाडेकरू आणि बांधकाम करणारा या तिघांनी करार करायचा, वाडा पाडायचा, प्रत्येकाने आपापली सदनिका घ्यायची. यात फसवले गेले असे कोणी म्हणू शकेल असे आम्हांस वाटत नाही. गळक्या छताखाली आणि सामाईक संडासापुढे रांग लावून ज्यांनी तीस-चाळीस वर्षे काढली त्यांना सदनिका स्वर्गासारखीच वाटली.

ज्यांना निवड करण्याची उसंतच मिळाली नाही अशीही पुष्कळ कुटुंबे होती. ३० जानेवारी १९४८ नंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची अनेक घरे जाळली गेली. तेथून अंगावरच्या वस्त्रांनिशी पुण्यास आलेल्यांना ‘काय ठेवू आणि काय टाकू’ हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीचे वाडे पाण्यात बसले, आणि तेथील संसार शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत विखुरले. आमच्या घरी मात्र आगही आली नाही आणि पाणीही आले नाही. आमच्याकडे चार दिवस होते.

पहिला दिवस भांड्यांचा. माळ्यावरून हंडे, घंगाळे, परातीएवढ्या झाकणांची सतेली, कल्हई उडालेली तपेली, आणि सर्वांत शेवटी दोघांनी उचलून आणलेला तांब्याचा बंब अशी मांडामांड अंगणात झाली. मोडवाला काटा घेऊन आला. त्याने प्रत्येक भांडे उलटे करून नखाने वाजवले, शिशाचे डाग दिलेल्या जागा पाहिल्या, घट धरली आणि भाव सांगितला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुने भांडे मोडीत घालणे ही मुळीच नवी गोष्ट नव्हती. कसबा पेठेत पेशवाईच्या काळापासून तांबट आळी आहे, आणि पिढ्यान् पिढ्या घरोघरची झिजलेली भांडी मोड म्हणून देऊन, वर मजुरी मोजून, नवी भांडी घेण्याची रीत होती. तांबे घराबाहेर जाई आणि रूप बदलून घरात परत येई. धातू हा संपत्तीचाच एक प्रकार होता. अडल्यानडल्या वेळी हंडा गहाण पडे, आणि सुगीनंतर सुटे. म्हणजे वस्तूंवर जीव जडवून बसणारे आपले पूर्वज होते, असे जे चित्र आपण रंगवतो ते फारसे खरे नाही. ते वस्तू मोडत होते, वितळवत होते, विकत होते. फरक असा की १९६० नंतर हे चक्र थांबले. मोड गेली आणि बदल्यात स्टेनलेस स्टील आले. बोहारणीच्या पाटीतूनही तेच आले. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, राख नको. गॅसच्या शेगडीवर हंडा बसत नाही. पाचशे पानांच्या पंगती मंगल कार्यालयांत गेल्या तेव्हा सतेल्यांचे काम आचाऱ्याच्या स्वतःच्या भांड्यांनी घेतले. म्हणून आम्ही अंगणात मांडली ती भांडी सदनिका लहान म्हणून निरुपयोगी झाली नव्हती. घर सुटण्याच्या वीस वर्षे आधीच त्यांचे काम सुटले होते. जागेच्या टंचाईने फक्त सुतकाचा दिवस नेमून दिला.

आणि त्या दिवशी घरातल्या बायका रडल्या असतील असे कोणास वाटत असेल तर तो भ्रम आहे. बंब अंगणातून बाहेर पडला तेव्हा आमच्या आईने जो सुस्कारा सोडला तो दुःखाचा नव्हता. पहाटे उठून तो पेटवणे, दर पंधरवड्याने त्याला चिंच लावून घासणे, आषाढात ओल्या लाकडांचा धूर खाणे, हे सारे तिने तेवीस वर्षे केले होते. पितळेच्या लखलखाटावर गद्य-पद्य लिहिणाऱ्यांत पितळ घासणाऱ्यांची संख्या किती, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. आमची आजी तेवढी गप्प होती. तिने एक तपेले मांडीवर घेतले होते, ते द्यायचे नाही म्हणाली. ते फार मोठे नव्हते. त्याच्या काठाला ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरे होती; आहेराच्या भांड्यांवर असत तशी. आजीच्या सासूचे नाव, तिच्या माहेरचे नाव, आणि शक.

त्या वेळी आम्हांस यात म्हातारीच्या मायेपलीकडे काही दिसले नाही. आज दिसते ते असे. आमच्या घराण्याची वंशावळ आठ पिढ्यांची आहे आणि त्या वंशावळीत एकही बाई नाही. जमिनीचे कागद पुरुषांच्या नावाचे, मुंजी-श्राद्धांच्या नोंदी पुरुषांच्या, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतही मुख्यत्वे पुरुषच. बाईचे नाव कोठे उमटत असेल तर ते भांड्यावर. तेही लग्नात बदलण्यापूर्वीचे, माहेरच्या आडनावासकट, कारण आहेर माहेरचा असे. पेठेपेठेतून त्या वर्षांत जी मोड भट्टीत गेली तिच्याबरोबर अशी किती नावे वितळली असतील, याचा अंदाज कोणताही इतिहासकार करू शकणार नाही. आमच्या अंगणातून त्या दिवशी जी गेली त्यांत अक्षरे असलेली भांडी नऊ होती. आत्याने मोजली होती. तिने ती वाचली नव्हती, फक्त मोजली होती, कारण अक्षरे असलेल्या भांड्यांना मोडवाला थोडा कमी भाव देत होता. का, ते त्यालाच ठाऊक.

एक माणूस मात्र पुण्यात असा होता की जो अशा अंगणांत काटा न घेता येत असे. दिनकर गंगाधर केळकर हे व्यवसायाने चष्म्यांचे दुकानदार आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला, आणि पुढे अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ तो संग्रह केला. १९७५ साली तो राज्य शासनाच्या हवाली झाला तेव्हा त्यात हजारो वस्तू होत्या; आज ती संख्या वीस हजारांच्या घरात आहे. दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, कुंकवाचे करंडे, फण्या. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतल्या जिनसांवर या माणसाची नजर असावी, हे त्या काळी विक्षिप्तपणाचेच वाटले असणार. आमच्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची एवढी मोठी सेवा फार थोड्या लेखकांच्या हातून झाली असेल. तरीही केळकरांची दृष्टी रसिकाची होती. ज्या अडकित्त्याला मोराची मान आहे तो त्यांना हवा होता. काहीही नक्षी नसलेले, काठावर एका बाईचे नाव ठोकलेले तपेले कोणत्याही संग्रहालयाच्या दारातून सहसा आत जात नाही.

तिसऱ्या दिवशी माळ्याच्या कोपऱ्यातून दोन रुमाल निघाले. हल्लीच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की रुमाल म्हणजे नाक पुसण्याचा नव्हे. जुने कागद ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवीत त्यास, आणि त्या बांधलेल्या गठ्ठ्यासही, दप्तरी भाषेत रुमाल म्हणतात. खारव्याचे लाल कापड, आत हातकागदाच्या लांबट बंदांची चळत, वर मोडी अक्षर. आजोबांना मोडी येत असे, पण आजोबा जाऊन सहा वर्षे झाली होती. वडिलांनी शाळेत ती जेमतेम गिरवली होती. आम्हांस अक्षरदेखील लागेना. ‘काय असेल यात?’ असे कोणीतरी विचारले. ‘असतील जमिनीचे जुने कागद. जमीनच नाही आता,’ असे उत्तर मिळाले. उत्तर तर्कशुद्ध होते.

ते किती तर्कशुद्ध होते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मराठी घरांत कागद जपले गेले ते इतिहासप्रेमाने नव्हे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इनामांची तपासणी हाती घेतली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास पक्के अधिकार दिले. ज्याच्यापाशी सनद नाही त्याचे इनाम जाणार, असा याचा रोकडा अर्थ होता. दख्खनभर लोक माळे आणि पेट्या उपसू लागले. ज्या कागदाकडे काल कोणी पाहत नव्हते तो आज जमिनीइतका मोलाचा झाला. खुद्द पेशव्यांचे दप्तरही या पडताळणीत उपयोगी पडले आणि पुण्यात ‘एलियनेशन ऑफिस’ अशा रूक्ष नावाच्या कचेरीखाली ते राहिले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले ते १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाची साधने आपल्यापर्यंत पोहोचली त्याचे बरेचसे श्रेय महसूल गोळा करणाऱ्या परकी सरकारच्या संशयी स्वभावाला द्यावे लागते. विनोदच म्हणायचा.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडू लागले ते याच काळाच्या मध्यावर. वाईस सापडलेल्या कागदांतून त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या वर्षांची, म्हणजे पानिपतापर्यंतची, पत्रे आहेत. पुढे बावीस खंड झाले. तिकडे मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तर उलगडत होते. १९१० साली राजवाड्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांना ठिकठिकाणी जो नकार मिळाला त्याचेही कारण तेच होते: कागद अद्याप जिवंत होते. ते दाखवले तर भाऊबंद हक्क सांगतील, सरकार चौकशी लावील, ही भीती जिवंत होती. वाण्याच्या पुड्यांत गेलेले, वाळवीने चाळण केलेले कागद पाहून राजवाड्यांचा संताप होई तो आपण जाणतो; पण दुसरीकडे घट्ट कुलपात ठेवलेले कागदही त्यांना तितकेच अप्राप्य होते. कागद संशोधकाच्या हाती पडण्याची वेळ फार चिंचोळी असते. मालकाला त्याची गरज संपलेली असावी लागते, आणि त्याला तो नकोसा झालेला नसावा लागतो.

ही वेळ महाराष्ट्रात कधी आली ते जवळजवळ साल देऊन सांगता येते. १९४८ साली कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारी कुळे जमिनीचे मालक मानली गेली. १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने गेली. याच सुमारास शाळांतून मोडी मागे पडली, सरकारी दप्तरांत बाळबोध रुळली. या सुधारणा योग्यच होत्या. कुळाच्या घरी जाऊन आमच्या रुमालांविषयी गळा काढण्याची आमची तयारी नाही. पण शंभर वर्षे ज्या कागदाला कोर्टाने किंमत दिली होती त्याची किंमत दहा-बारा वर्षांत शून्य झाली, आणि त्याच दहा-बारा वर्षांत तो वाचू शकणारी शेवटची पिढी म्हातारी झाली. सनद आणि लिपी एकदमच मेल्या. त्यानंतर घर बदलण्याची वेळ आली. क्रम याच्या उलट असता, म्हणजे वाडे १९३५ साली रिकामे झाले असते, तर आमच्या अंगणात मोडवाल्याबरोबर एखादा संशोधकही उभा असता आणि आजोबांनी त्याच्याशी हुज्जत घातली असती.

प्रत्यक्षात रद्दीवाला उभा होता. वर्तमानपत्रांचा भाव एक आणि या कागदांचा निम्मा, कारण पुड्या बांधायला हा जाड कागद नीट मुडपत नाही, असे त्याने सांगितले. दोन्ही रुमाल मिळून अकरा किलो भरले. मंडळ आमच्या वाड्यापासून चालत दहा मिनिटांवर होते. त्या चार दिवसांत आमच्यापैकी कोणाला त्याची आठवण झाली नाही असे नाही. आम्हांलाच झाली होती. आम्ही तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो आणि राजवाड्यांचे नाव आम्हांस ठाऊक होते. परंतु टेम्पो चार वाजता येणार होता, उन्ह होते, आणि आपल्या घरचे कागद ते काय एवढे महत्त्वाचे असणार, असा एक विनय आड आला. तो विनय होता की आळस, याचा निवाडा आम्ही अद्याप केलेला नाही. आत्याने रुमालांची दोन्ही कापडे मात्र सोडवून घेतली. चांगला खारवा आहे म्हणाली. नव्या घरात पुढली कित्येक वर्षे पापड त्यांवर वाळत.

वाड्यातून आणलेल्या गोष्टींत देवांचा डबा होता. देव टाकायचे नसतात, एवढा नियम त्या चार दिवसांत कोणी मोडला नाही. २००६ साली टाक उजळायला द्यायचे म्हणून तो डबा पूर्ण रिकामा केला तेव्हा तळाशी अस्तरासारखी घातलेली एक घडी निघाली. मधल्या काळात आम्ही थोडी मोडी शिकलो होतो. प्रायश्चित्त म्हणून असे म्हणण्याचा मोह होतो, पण खरे कारण निवृत्त शेजाऱ्याची सोबत हे होते. तो कागद लावायला आम्हांला तीन रविवार लागले.

ती वाटणीची याद होती. शके १७८१, सिद्धार्थी संवत्सर, मार्गशीर्ष. म्हणजे १८५९ चा हिवाळा. दोन भावांनी घर वाटून घेतले, वडील बंधू पुण्यास राहिले, धाकटे बडोद्यास चाकरीवर निघाले, तेव्हा केलेली घरातल्या सामानाची नोंद. हंडे पाच, त्यांपैकी एक कान मोडका. घंगाळे दोन. तपेली लहानमोठी अकरा, शेरांत वजने देऊन. समया चार. जाती दोन, एकाचा खुंटा नाही. पाट बारा. बाज एक. बंब त्यात नाही. तो मागाहून आला असला पाहिजे. कोणती जिन्नस कोणाकडे गेली ते प्रत्येक ओळीपुढे लिहिले आहे. तांब्याची बरीचशी भांडी धाकट्याने नेली नाहीत, त्यांच्या वजनाचे रोख रुपये घेतले. बडोद्यापर्यंत गाडीभाडे परवडणार नाही, असा शेरा आहे. वाचताना आम्हांला टेम्पोवाल्याशी झालेली घासाघीस आठवली. घर सोडणारा मनुष्य १८५९ मध्येही काट्यापाशीच उभा होता.

यादीच्या शेवटी, जिन्नस म्हणूनच, जुन्या कागदांचे रुमाल तीन अशी नोंद आहे. त्यांची वाटणी केलेली नाही. ते वडील घरी राहावेत, धाकट्यास किंवा त्याच्या वंशास प्रयोजन पडेल तेव्हा दाखवावेत, असे ठरले आणि त्याखाली दोघांची निशाणी व दोन साक्षीदार आहेत.

तीनांपैकी दोन आम्ही अकरा किलोच्या भावाने दिले. तिसऱ्याचा शोध घेताना आत्याने सांगितले की तिच्या लहानपणी पावसाळ्यात बंब पेटवायला माळ्यावरचे जाड कागद काढत असत. ते लवकर धरत आणि बराच वेळ जळत.

बडोद्याच्या शाखेशी आमचा पत्रव्यवहार दोन पिढ्या तुटलेला होता. यादीत जे आडनाव आणि गाव होते त्यावरून शोध घेत २०११ मध्ये आम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचलो. ते आता तिसऱ्याच शहरात राहतात. यादीची छायाप्रत आणि बाळबोधीतील नक्कल आम्ही त्यांस पाठवली. महिन्याभराने उत्तर आले. कागद पाहून आनंद झाला, आपल्याकडे एक समई आहे तिचे वजन यादीतल्या तिसऱ्या समईशी जुळते, असे त्यांनी लिहिले होते. आणि शेवटच्या परिच्छेदात, मुलगा घराण्याचा इतिहास लिहू पाहत आहे, तरी ते तीन रुमाल केव्हा पाहावयास यावे ते कळवावे, अशी विचारणा होती. आम्ही झाले ते सविस्तर लिहून कळवले. आजीचे तपेले आम्ही त्या पत्राआधी कधी नीट वाचले नव्हते. काठावरची अक्षरे उतरवून घेऊन तीही सोबत पाठवली.